व्हिडिओ उलगडायचा कुणी?

रास्पबेरी पायच्या सुरुवातीच्या बोर्डांना वीज दिली, की पडद्यावर आधी एक सप्तरंगी चौकोन उमटतो. पुष्कळांना ते नुसतं स्वागतचित्र वाटतं. पण त्या क्षणी बोर्डाचा मुख्य प्रोसेसर, म्हणजे एआरएम कोअर, चालूच झालेला नसतो. सगळ्यात आधी कामाला लागतो तो त्याच चिपमधला व्हिडिओकोअर हा ग्राफिक्सचा भाग. एसडी कार्डावरून तो स्वतःचं फर्मवेअर वाचतो, मेमरी लावून घेतो, ते रंग दाखवतो आणि मग एआरएमला सुरू करतो. लिनक्स, डेस्कटॉप, पायथन हे सगळं त्यानंतरचं. ज्या बोर्डाला जग ‘स्वस्त कॉम्प्युटर’ म्हणून ओळखतं, तो मुळात व्हिडिओसाठी घडवलेल्या चिपवर उभा आहे. त्याचं पुढचं बरंचसं वागणं यातूनच उलगडतं.

व्हिडिओकोअरचा जन्म केंब्रिजच्या अल्फामोझेइक कंपनीतला. ब्रॉडकॉमने २००४ साली ती विकत घेतली. या घराण्याची एक चिप २००५च्या व्हिडिओ दाखवणाऱ्या आयपॉडमध्ये होती. एबेन अप्टन ब्रॉडकॉममध्ये चिप-रचनेचं काम करत होते आणि शाळकरी मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लावणारा स्वस्त बोर्ड त्यांना काढायचा होता. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला पहिला बोर्ड विक्रीला आला. त्यावरच्या बीसीएम२८३५ चिपमध्ये ७०० मेगाहर्ट्झचा एकच, त्या काळीही जुना झालेला एआरएम११ कोअर होता. त्यावर वेब पान उघडायला वाट पाहावी लागे. तोच बोर्ड टीव्हीला जोडला, की १०८०पी चित्रपट मात्र एकदाही न अडखळता दाखवी. एक्सबीएमसी, म्हणजे आजचं कोडी, त्यावर टाकून किती घरांतले जुने टीव्ही ‘स्मार्ट’ झाले याला गणती नाही.

हा विरोधाभास समजून घ्यायचा तर थोडा हिशेब मांडावा लागतो, आणि तो मांडण्यासारखा आहे. व्हिडिओ आकुंचित करण्याचं एच.२६४ हे मानक २००३ साली पक्कं झालं. त्यात चित्राचे १६ बाय १६ बिंदूंचे चौकोनी तुकडे पाडतात, त्यांना मॅक्रोब्लॉक म्हणतात. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये असे ८,१६० तुकडे बसतात. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे २,४४,८०० तुकडे. सेकंदाला ७० कोटी ठोके देणाऱ्या एआरएम११ने दुसरं काहीही न करता फक्त हेच काम केलं, तरी एका तुकड्याच्या वाट्याला साधारण २,८६० ठोके येतात. एका तुकड्यात उजेडाचे २५६ आणि रंगाचे १२८ असे ३८४ आकडे असतात. म्हणजे आकड्यामागे जेमतेम सात ठोके! तेवढ्यात आकुंचित बिटांमधून माहिती काढायची, आधीच्या फ्रेममधला कुठला भाग किती सरकवून घ्यायचा ते पाहायचं, तो पाव बिंदूइतक्या बारकाईने सरकवायचा, राहिलेला फरक त्यात मिळवायचा आणि शेवटी तुकड्यांच्या कडांवरचे सांधे गुळगुळीत करायचे. सात ठोक्यांत हे बसत नाही. मेमरीतून एक आकडा आणण्यातच त्यातले कितीतरी खर्ची पडतात.

व्हिडिओकोअरमधल्या एच.२६४ विभागात या प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी मंडळं कोरलेली आहेत. एका मंडळात बिटं सुटत असतात, तेव्हा दुसऱ्यात आधीच्या तुकड्याचं सरकवणं चालू असतं आणि तिसऱ्यात त्याच्याही आधीच्याच्या कडा घासल्या जात असतात. कुठली सूचना पुढे चालवायची हे ठरवण्यात वेळ जात नाही, कारण सूचनाच नाहीत. काम तारांमध्येच लिहिलेलं आहे. म्हणून वीज कमी लागते आणि पंख्याचीही गरज पडत नाही.

पण तारांत लिहिलेलं पुसता येत नाही. पुरणयंत्रातून पुरण झरझर निघतं, चटणी वाटायची म्हटली तर ते यंत्र कपाटातच राहतं. डीकोडरच्या मंडळाचंही तसंच आहे. पायच्या एच.२६४ मंडळाला आठ बिटांचं चित्र समजतं, दहा बिटांचं नाही. जपानी ॲनिमेशनच्या चाहत्यांमध्ये दहा बिटांचं एच.२६४ बराच काळ चलनात होतं. मानक तेच, फाइलीचं नावही तसंच, तरी हार्डवेअर हात वर करी. गूगलचं व्हीपी९ आणि २०१८चं एव्ही१ यांच्यासाठी तर पाय-५पर्यंतच्या एकाही बोर्डावर मंडळ नाही. म्हणूनच पाय-४वर यूट्यूब पाहणारे ब्राउझरला ‘मला एच.२६४च दे’ असं सांगणारं एक्स्टेंशन टाकत.

शिवाय मंडळ चिपमध्ये आहे एवढ्याने ते आपलं होत नाही. पहिल्या पायमध्ये एमपीईजी-२चा डीकोडर होता, पण कुलूपबंद. पेटंटचं शुल्क प्रत्येक बोर्डाच्या किमतीत घातलं असतं तर ३५ डॉलरचा आकडा टिकला नसता. म्हणून २०१२च्या ऑगस्टपासून ज्याला हवी त्याने चावी विकत घ्यावी अशी सोय झाली : एमपीईजी-२साठी २.४० पौंड, व्हीसी-१साठी १.२० पौंड. चावी त्या एका बोर्डाच्या अनुक्रमांकाशी बांधलेली असे. कॉन्फिगच्या फाइलीत एक ओळ लिहायची आणि बोर्ड पुन्हा सुरू करायचा. आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नव्हता. मराठी नाटकांच्या आणि चित्रपटांच्या डीव्हीडी एमपीईजी-२मध्येच आहेत आणि डीडी फ्री डिशवरच्या बऱ्याच वाहिन्याही त्याच स्वरूपात येत. कपाटातल्या डीव्हीडी हार्ड डिस्कवर उतरवून पायवर पाहू म्हणणाऱ्याला या चावीपाशी थांबावंच लागे. मला ही व्यवस्था प्रामाणिक वाटते. ज्याला नको त्याच्यावर भार नाही, आणि पेटंट नावाची चीज किती खोलवर रुतलेली असते हेही त्या दोन पौंडांनी अनेकांना पहिल्यांदा दाखवलं.

दरम्यान सीपीयू बदलत होता. २०१५च्या पाय-२मध्ये चार कोअर आले आणि त्यांच्यासोबत निऑन हा भाग आला, जो एका सूचनेत सोळा-सोळा बाइटांवर काम करतो. पाय-४ (जून २०१९) आला तेव्हा एमपीईजी-२साठी चावीच लागेनाशी झाली. ते काम सीपीयू सहज करू लागला. याच बोर्डावर एच.२६४नंतरच्या एचईव्हीसी या मानकासाठी नवं मंडळ आलं, ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमने उलगडणारं. मग २०२३च्या ऑक्टोबरमध्ये पाय-५ बाजारात आला आणि त्यात एचईव्हीसीचं मंडळ होतं, पण एच.२६४चं नव्हतं. ज्या मंडळाने पायला घराघरांत नेलं, तेच काढून टाकलं.

पुष्कळ जण चिडले. मला मात्र तो निर्णय पटतो, आणि वरचाच हिशेब पुन्हा केला तर का ते कळतं. पाय-५वर २.४ गिगाहर्ट्झचे चार कोअर आहेत. त्याच २,४४,८०० तुकड्यांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला आता ३९ हजारांवर ठोके येतात, म्हणजे चौदापट, आणि तेही निऑन सोबत असताना. बिटं सोडवण्याचं काम एकापाठोपाठ एकच करावं लागतं, कारण पुढच्या बिटाचा अर्थ मागच्यावर अवलंबून असतो. ते चार कोअरांत वाटता येत नाही. म्हणून व्हिडिओ उलगडणारं एफएफएमपेग हे सॉफ्टवेअर वेगळी युक्ती करतं. पहिल्या फ्रेमच्या वरच्या ओळी तयार झाल्या, की दुसरा कोअर पुढची फ्रेम हातात घेतो आणि मागे मागे चालत राहतो. पाय-५वर १०८०पी लावून दुसऱ्या खिडकीत कोअरांवरचा भार दाखवणारं एचटॉप उघडलं, की चारही पट्ट्या कमी-जास्त होताना दिसतात, एकही भरत नाही. जुनं मंडळ १०८०पीच्या पुढे जात नसे. सॉफ्टवेअरला तशी भिंत नाही, आणि दहा बिटांची फाइलही ते मुकाट्याने उघडतं.

किंमत द्यावी लागते ती विजेत आणि उष्णतेत. पंखा नसलेल्या बंद डबीत तापमान ८० अंशांच्या पुढे गेलं, की चिप स्वतःचा वेग उतरवते. कॅमेऱ्यावाल्यांचं नुकसान तर खरंच झालं : पाय-५मधून एच.२६४चा एन्कोडरही गेला, आणि चित्र आकुंचित करणं हे उलगडण्यापेक्षा कितीतरी जड काम आहे. शेतावर किंवा दारावर बॅटरीवर चालणारा कॅमेरा लावायचा असेल तर मी आजही पाय झीरो २ डब्ल्यू सुचवेन. त्यात दोन्ही मंडळं शाबूत आहेत.

या वादात एक गोष्ट हमखास सुटते. हार्डवेअरने उलगडलेली फ्रेम शेवटी पडद्यावर जावी लागते, आणि खरी रखडपट्टी तिथे होते. ४केची एक फ्रेम सव्वा कोटी बाइटांची. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे साधारण ७४६ मेगाबाइट, आणि हे फक्त एकदा लिहिण्याचं. पायचं एचईव्हीसी मंडळ फ्रेम ओळींत लिहीत नाही, १२८ बाइट रुंदीच्या उभ्या पट्ट्यांत लिहितं. मेमरीच्या दृष्टीने ते सोयीचं असतं आणि पडदा चालवणाऱ्या भागाला त्या पट्ट्या थेट कळतात. म्हणून कोडीमध्ये पूर्ण पडद्यावर चित्र लोण्यासारखं सरकतं. तेच चित्र डेस्कटॉपवरच्या एखाद्या खिडकीत हवं असेल आणि मधल्या प्रोग्रॅमला त्या पट्ट्या कळत नसतील, तर प्रत्येक फ्रेम सीपीयूने नव्याने मांडायची! मंडळाने वाचवलेलं सगळं तिथे वाहून जातं.

ड्रायव्हरचं दुखणं याहून जुनं. ऑलविनरच्या चिपांचे कितीतरी स्वस्त बोर्ड खोक्यावर ‘४के’ छापून आले. पण तो डीकोडर चाले फक्त उत्पादकाने दिलेल्या, कधीच न सुधारल्या जाणाऱ्या जुन्या कर्नलवर. स्वयंसेवकांनी त्या मंडळाची भाषा बाहेरून तपासत तपासत उकलली. २०१८ साली फ्रान्सच्या बूटलिन कंपनीने लोकवर्गणी काढून सीड्रस हा ड्रायव्हर पुढे नेला आणि तो लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये दाखल झाला. अनोळखी लोकांनी पैसे घालून आपल्याच विकत घेतलेल्या चिपचं कुलूप उघडून घेतलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. रॉकचिपच्या आरके३५८८मध्ये एव्ही१चंही मंडळ आहे, पण बोर्ड घेताना मी आधी हेच विचारतो, की मुख्य कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर कुठवर आला आहे.

सॉफ्टवेअरच्या बाजूला एव्ही१साठी डेव्हिड हा डीकोडर आहे, व्हीएलसीमागच्या व्हिडिओलॅन संस्थेने २०१८मध्ये जाहीर केलेला. त्यात सी भाषेपेक्षा हाताने लिहिलेलं असेंब्लीच कितीतरी जास्त आहे. तो कोड कुणीही उघडून वाचू शकतं, आणि त्याच्या प्रत्येक सुधारणेबरोबर आधीच विकले गेलेले बोर्डही वेगवान होतात. २०२०मध्ये एच.२६६ हे पुढचं मानक आलं. त्याचं मंडळ एकाही पायवर नाही. पण एफएफएमपेगच्या २०२४मधल्या ७.० आवृत्तीत त्याचा डीकोडर आला. आता त्याच्या निऑन ओळी लिहायचं काम चालू आहे.