रेंज गेली की जीपीएस पण जातं का?

मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं जोगेश्वरीहून मित्राची फोर बाय फोर घेऊन भंडारदऱ्यामार्गे साम्रदला गेलो. सांधण दरीचा हा भाग म्हणजे कच्च्या वाटा, सुटे दगड आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे काळेकभिन्न कडे. (आपल्या अंधेरीची गिल्बर्ट हिलसुद्धा लाव्हाचीच!) रेंज गेली आणि मागून आवाज आला, "संपलं, आता जीपीएस बंद."

नाही. जीपीएसला इंटरनेट लागतच नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सिग्नल पाठवत असतात, फोन ते फक्त ऐकतो. किमान चार उपग्रह मिळाले की तुमची जागा निघते. चौथा कशाला? फोनचं घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतकं अचूक नसतं, तो फरक काढायला.

नेट लागतं ते नकाशासाठी. म्हणून त्या भागाचा ऑफलाइन मॅप घरीच उतरवून घ्या. लोकेशनही रेंजमध्ये असतानाच सुरू करा. नाहीतर उपग्रहांच्या कक्षांची माहिती थेट उपग्रहांकडूनच घ्यावी लागते आणि त्यात वेळ जातो.

खरी अडचण कड्यांची. अरुंद दरीत आकाशाची जेमतेम पट्टी दिसते, सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोहोचतो आणि निळा ठिपका भलतीकडेच उडी मारतो. अशा वेळी ठिपक्याच्या भरवशावर गाडी पुढे रेटू नका. खाली उतरा, वाट आधी डोळ्यांनी पाहा.

साम्रदला आम्ही गावातल्या एका काकांना विचारलं. पुढची वाट पावसात वाहून गेली होती. मॅपवर ती अजून दिसत होती. गाडी तिथेच लावली आणि चालत निघालो.