तापलेल्या पाण्यात गळ टाकताना

नंदुरबार जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा अनेकदा ४० अंशांच्या वर जातो. बंधाऱ्यांमागचे पाणी संथ आणि हिरवट होते. हिवाळ्यात जिथे मासा लागायचा तिथे आता तासन्‌तास दोर हलत नाही. उन्हाळ्यात माशाला जगण्याजोगे पाणी कुठे उरले आहे, ते आधी पाहावे. मासा तिथेच असतो.

पाण्यात काय घडते?

२० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. त्यातच उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज वाढते. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री स्वतःच वापरते. त्यामुळे साचलेल्या हिरव्या पाण्यात पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागावर तोंडे उघडताना दिसले, तर ते गुदमरलेले असतात. आमिषाकडे ते पाहतही नाहीत.

कुठे बसावे?

तापीवर सारंगखेडा आणि प्रकाशा इथल्या बॅरेजमागे नदीचे जुने खोल पात्र, बुडालेली झाडे आणि काठाची सावली शोधावी. वारा ज्या काठाकडे वाहतो, तिथे लाटांमुळे पाण्यात हवा मिसळते. तो काठ सोडू नये.

उकाईच्या फुगवट्यात किंवा अक्राणी-अक्कलकुव्याच्या बाजूला सरदार सरोवरात पाणी खोल आहे. अशा जलाशयात उन्हाळ्यात वरचा थर तापतो आणि तळाचा थर गार असला तरी तिथे प्राणवायू कमी पडू शकतो. मासे मधल्या पट्ट्यात थांबतात. म्हणून दोर एकाच खोलीवर ठेवू नये. दर थोड्या वेळाने हात-दोन हात वर-खाली करून पाहावा.

कोणती वेळ?

वाहत्या किंवा वाऱ्याने हलणाऱ्या पाण्यात पहाट उत्तम. हिरव्या, संथ डोहात मात्र संध्याकाळ बरी, कारण दिवसभरात शेवाळाने प्राणवायू भरलेला असतो आणि ऊन उतरलेले असते. भर दुपार टाळावी. ती माशाला मानवत नाही आणि माणसालाही.

कोणता मासा, कोणते आमिष?

• रोहू, मृगळ: कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून केलेला गोळा, तळालगत. गोळा लहान ठेवावा.
• कटला: हा वरच्या थरात चरतो. पेंडीचा सैल गोळा पाण्याच्या वरच्या भागात तरंगता ठेवावा.
• मरळ: हवेतून श्वास घेऊ शकते, त्यामुळे तापलेल्या उथळ पाण्यातही तग धरते. वेली-शेवाळाच्या कडेला लहान मासा लावावा. लाल पिल्लांचा थवा दिसला, तर राखण करणाऱ्या मरळीला हात लावू नये.
• चिलापी: उबदार पाणी हिला मानवते. काठालगत गांडूळ आणि लहान गळ पुरतो.

मासा टिकवावा कसा?

उन्हात मासा फार लवकर खराब होतो. लगेच पोट साफ करावे आणि बर्फात ठेवावा. खायचा नसलेला मासा ओल्या हातांनी पकडून ताबडतोब पाण्यात सोडावा.

नियम आणि जबाबदारी

अनेक जलाशयांत मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिथे संस्थेची परवानगी घ्यावी. बॅरेजच्या दारांजवळ उतरू नये. दारे उघडली की पाणी झपाट्याने वाढते. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे. आटलेल्या डोहात असा एक स्फोट सगळी पैदास संपवतो.

रोहू, कटला आणि मृगळ पावसाळ्याच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. मे-जूनमध्ये गळाला लागलेली भरल्या पोटाची मादी परत सोडा. पुढच्या वर्षीचे मासे तिच्या पोटात आहेत.