भूल देण्यापूर्वीचा एक प्रश्न

शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञ रुग्णाला बरेच प्रश्न विचारतात. त्यांपैकी एकाचे उत्तर आपण बहुधा घाईत 'नाही' असे देऊन मोकळे होतो: घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का? या साध्या प्रश्नामागे आनुवंशशास्त्राचा मोठा धडा आहे.

श्वासनलिकेत नळी घालताना स्नायू शिथिल करण्यासाठी सक्सिनिलकोलीन हे औषध वापरतात. रक्तातील एक विकर त्याचे झटपट विघटन करते, म्हणून त्याचा अंमल काही मिनिटांपुरताच असतो. ज्यांच्या रक्तात हे विकर जन्मतःच नसते, त्यांचे स्नायू मात्र तासन् तास लुळे राहतात. शस्त्रक्रिया यथासांग पार पडते, पण रुग्ण स्वतःहून श्वास घेऊ शकत नाही. कृत्रिम श्वसनावर ठेवल्यास तो सुखरूप राहतो. फक्त कारण वेळीच उमगायला हवे. आंध्र-तेलंगणातील आर्य वैश्य समाजात हा दोष इतरांहून कितीतरी अधिक आढळतो. मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या आणि शतकानुशतके आपसांतच विवाह करीत आलेल्या समाजात एखादा जनुकीय बदल असा साचत जातो. नांदेड-यवतमाळकडेही या समाजाची घरे आहेत. दोष आधी कळला, तर भूलतज्ज्ञ दुसरे औषध वापरतात. इतकेच!

व्यक्तीनुसार उपचार म्हणतात ते हेच. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसविल्यावर दिली जाणारी क्लोपिडोग्रेलची गोळी यकृतात गेल्यावरच कार्यक्षम होते. 'सीवायपी२सी१९' या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास ती पुरेशी कार्यक्षम होत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2010 मध्ये तसा ठळक इशारा गोळीच्या माहितीपत्रकात घालायला लावला. दक्षिण आशियाई लोकांत हा बदल बराच आढळतो, हे आपण विशेष लक्षात घ्यावे. अशा रुग्णासाठी दुसरी औषधे उपलब्ध आहेत. निर्णय अर्थात हृदयरोगतज्ज्ञांचा.

लाळेचा नमुना टपालाने पाठवून घरबसल्या 'भविष्य' मागविण्याविषयी मात्र प्रस्तुत लेखक साशंक आहे. मधुमेह किंवा रक्तदाब यांमागे असंख्य जनुके असतात, शिवाय आहार-विहारही असतो. त्यांच्या जोखमीचे आकडे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासातून आलेले आहेत. भारतातील 10,000 व्यक्तींच्या जनुकसंचांची माहिती 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने जानेवारी 2025 मध्ये संशोधकांना खुली केली, ही त्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय. त्याच वर्षी मार्चमध्ये '23अँडमी' या अमेरिकी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती कुणाच्या हाती जाणार, हा प्रश्न उभा राहिला. बँकेत खाते बंद करता येते, पासवर्ड बदलता येतो. डीएनए बदलता येत नाही.

विम्याची शंकाही वाचकांच्या मनात येईल. जनुकीय विकार सरसकट वगळणारी अट दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये भेदभावकारक ठरविली. पुढच्याच महिन्यात विमा नियामकानेही केवळ 'जनुकीय विकार' या कारणावरून दावे नाकारू नयेत, अशी सूचना कंपन्यांना दिली.

चाचणीचा अहवाल एकट्याचा कधीच नसतो. भुलीच्या विकराचा दोष एका भावात सापडला आणि आईवडील दोघेही त्याचे निव्वळ वाहक असतील, तर प्रत्येक सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक असते. अहवालाची प्रत त्यांच्याही घरी पोचवावी, तीही त्यांच्यापैकी कुणाची शस्त्रक्रिया ठरण्याआधी.