मावशींचा रेडिओ आणि माझे चार धडे

मी मेकॅनिकलचा. इलेक्ट्रॉनिक्सशी माझा संबंध म्हणजे फर्स्ट इयरला दुसऱ्याचं जर्नल उतरवून काढण्यापुरता! पण एक दिवस मेसच्या मावशींनी त्यांचा बंद पडलेला रेडिओ आणून दाखवला. "यांच्या हातचा आहे रे. पेटी तेवढी ठेव, आत काहीपण घाल. सकाळी पोळ्या लाटताना वाजला म्हणजे झालं." काका जाऊन चार वर्षं झाली होती. मी फुशारकीत म्हणालो, "मावशी, यात ब्लूटूथच बसवून देतो की!"

तपकीर गल्लीतून सामान आणलं : पीएएम ८४०३ चा छोटा अँप्लिफायर बोर्ड, ब्लूटूथ मॉड्यूल, ४ ओहमचे दोन स्पीकर, एक १८६५० लिथियम सेल, प्रोटेक्शनवाला चार्जिंग बोर्ड आणि सेलचे ३.७ व्होल्ट ५ पर्यंत चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर. दुसऱ्या स्पीकरसाठी पेटीला भोकही पाडलं. म्हणजे आता माघार नाही.

स्विच दाबला. शांतता!

इथं मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी आधी मॉड्यूल बदललं, मग बूस्ट कन्व्हर्टर. खिशाला चाट बसली, आवाज मात्र नाहीच. शेवटी लॅबमधले काका म्हणाले, "अरे, मीटर काय शोभेला आहे? सेलपासून निघ आणि व्होल्टेज कुठं हरवतंय ते बघ." सेलवर ३.९, कन्व्हर्टरनंतर ५, स्विचच्या अलीकडे ५, पलीकडे शून्य! स्विचचा सांधा 'ड्राय' होता. मी शिसं वितळवून वरून ओतलं होतं. खरी पद्धत अशी की आधी इस्त्रीनं, म्हणजे सोल्डरिंग आयर्ननं, पिन आणि तार दोन्ही तापवायच्या आणि शिसं त्यांच्यावर वितळू द्यायचं. चांगला सांधा चकचकीत दिसतो आणि पिनेला पसरून चिकटतो; ड्राय सांधा गोळ्यासारखा नुसता वर बसलेला असतो. हा पहिला धडा.

आता आवाज आला, पण फाटका. वर आयसी असा तापला की बोट ठेववेना. दोन मिनिटांत तो गेलाच. कारण? 'ग्राउंड सगळ्यांचं एकच' एवढंच मला पाठ. म्हणून दोन्ही स्पीकरच्या मायनस तारा मी एकत्र करून ग्राउंडला जोडल्या होत्या. पण या आयसीचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असतं. स्पीकरची एकही तार ग्राउंड नसते. एक वर ढकलली जाते तेव्हा दुसरी खाली ओढली जाते. त्यामुळेच एवढ्याशा ५ व्होल्टवर तो चॅनेलमागे ३ वॅटपर्यंत देऊ शकतो. गाणं बंद असतानाही प्रत्येक तारेवर सरासरी निम्मे, म्हणजे सुमारे अडीच व्होल्ट असतात. तीच तार मी ग्राउंडला बांधली म्हणजे सरळ शॉर्टच की! नवा बोर्ड आणला आणि प्रत्येक स्पीकरला त्याच्या त्याच्या दोनच तारा दिल्या. दुसरा धडा.

तिसरं दुखणं चिवट. फोन जोडला की गाण्यामागे 'टिर्र टिर्र, कुंई' असा आवाज. इथं मात्र मी शहाण्यासारखं वागलो. अँप्लिफायरच्या इनपुटच्या तारा काढून दोन्ही इनपुट ग्राउंडला टेकवले. शांत! म्हणजे अँप्लिफायर निर्दोष. मग तारा पुन्हा जोडून ब्लूटूथ मॉड्यूलला वेगळ्या पॉवर बँकेवर चालवलं. पुन्हा शांत! म्हणजे दोष मॉड्यूलचाही नाही, दोघांच्या सामाईक ग्राउंडचा. मॉड्यूल करंट झटक्याझटक्यानं खेचतं आणि अँप्लिफायरचाही करंट त्याच तारेतून परततो. तारेवर पडणारं ते चिमूटभर व्होल्टेज गाण्यात मिसळतं आणि अँप्लिफायर तेही इमानदारीत मोठं करतो. उपाय म्हणून मॉड्यूलला बी०५०५एस या आयसोलेटेड कन्व्हर्टरमधून ५ व्होल्ट दिले. याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूचं ग्राउंड वेगळं असतं. मात्र या दोन बाजूंची ग्राउंड परत एकमेकांना जोडायची नाहीत. नाहीतर पैसे पाण्यात.

शेवटचं म्हणजे, ढोल वाजला की ब्लूटूथ बंद पडून पुन्हा चालू व्हायचं. हिशेब केला : दोन्ही स्पीकर मिळून ६ वॅट, त्यात वाटेतली गळती धरली तर सेलमधून जवळजवळ २ अँपिअर. माझ्या केसासारख्या तारांचा रेझिस्टन्स ०.३ ओहम जरी धरला तरी ०.६ व्होल्ट तारेतच गडप! तारा जाड आणि आखूड केल्या. अँप्लिफायरच्या सप्लायवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला (प्लस-मायनस बघूनच, उलटा लागला तर फुटतो). ढोल सुरळीत.

एक गोष्ट हॉस्टेलवाल्यांना मुद्दाम सांगतो. लिथियम सेलला थेट इस्त्री लावू नका, होल्डर वापरा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, फुगलेले किंवा दबलेले सेल तर नकोच. आणि रात्री गादीवर चार्जिंगला लावून झोपू नका. आयसी जळला तर बोर्ड जातो, सेल पेटला तर अख्खी रूम.

असो. एका सोमवारी सकाळी मेसमध्ये मावशींच्या फोनवरून त्या पेटीत आकाशवाणी लागली. मावशी काही बोलल्या नाहीत. पिठाच्या हातानं बटणाकडे गेल्या, थबकल्या, हात पदराला पुसला आणि मग आवाज थोडा वाढवला.

तर सांगायचा मुद्दा एवढाच : आधी मोजा, मग अर्धं वेगळं करून बघा, आणि पार्ट सगळ्यात शेवटी बदला. मी उलट्या क्रमानं शिकलो. त्या दिवशी मला मात्र एक पोळी जास्त मिळाली!