गोळी सुरू, तरी उदासी जाईना? थायरॉइड आणि जनुकांचं गणित समजून घ्या

सातारा/सांगली : सकाळी उठवत नाही, कामात मन लागत नाही, वजन वाढतंय, सारखा थकवा. ही लक्षणं नैराश्याची की थायरॉइडची? दोन्हींचीही असू शकतात. त्यामुळे नैराश्याची गोळी महिना-दीड महिना घेऊनही फरक पडला नाही, तर ‘औषधच चुकीचं’ किंवा ‘आपलंच मन कमकुवत’ असं म्हणून ती परस्पर बंद करणं धोक्याचं ठरतं.

पहिलीच गोळी लागू पडते का?
नाही. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या औषधाने साधारण तीनपैकी एकाच रुग्णाची लक्षणं जवळपास पूर्ण गेली. बाकीच्यांना औषध बदलावं किंवा जोडीला दुसरं घ्यावं लागलं.

थायरॉइडचा संबंध काय?
थायरॉइडची संप्रेरकं मेंदूच्या कामावरही परिणाम करतात. ती कमी पडली, तर मन आणि शरीर दोन्ही मंदावतं. मूळ कमतरता तशीच राहिली, तर नैराश्याच्या गोळीचा हवा तसा उपयोग होत नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांच्या पाहणीत (२०१३) सुमारे ११ टक्के जणांचा थायरॉइड कमी काम करत असल्याचं दिसलं. हे टीएसएचच्या साध्या रक्ततपासणीत कळतं.

थायरॉइड नॉर्मल असेल तर?
तेव्हा टीएसएचच्या आकड्यावरून गोळी लागू पडेल की नाही, हे खात्रीने सांगता येत नाही. मात्र, दोन औषधं निष्फळ ठरलेल्यांना काही वेळा टी-३ हे संप्रेरक जोडीला दिलं जातं. ‘स्टार-डी’मध्ये टी-३ घेणाऱ्यांपैकी २४.७ टक्के, तर लिथियम घेणाऱ्यांपैकी १५.९ टक्के रुग्ण बरे झाले. हा फरक मात्र निर्णायक नव्हता. थायरॉइडची गोळी मनाने सुरू करू नये. जास्त झाल्यास हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात.

जनुकं काय करतात?
एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी औषधं यकृतात मोडली जातात. त्यात ‘सीवायपी२सी१९’ जनुकाचा मोठा वाटा असतो. कुणाच्या शरीरात औषध हळू मोडतं आणि साठून त्रास होतो. कुणाच्या शरीरात झटकन मोडतं आणि नेहमीचा डोस अपुरा पडतो. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असं नाही.

मग जनुकीय चाचणी करावी का?
सरसकट गरज नाही. अमेरिकेत १,९४४ माजी सैनिकांवर झालेल्या अभ्यासात (२०२२) चाचणी पाहून औषध दिल्याचा फायदा थोडाच दिसला आणि २४ आठवड्यांनी तोही उरला नाही. कमी डोसलाही जास्त त्रास होत असेल किंवा औषधं वारंवार फसत असतील, तर डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

काय कराल?
- डॉक्टरांना विचारा : ‘माझी टीएसएच तपासणी झाली आहे का?’
- घरात कुणाला थायरॉइड असेल, कुणाला एखादी गोळी लागू पडली असेल, तर सांगा.
- परिणाम दिसायला साधारण ४ ते ८ आठवडे लागतात. गोळी अचानक बंद करू नका.
- साताऱ्याचं जिल्हा रुग्णालय, सांगली-मिरजेची शासकीय रुग्णालयं इथे सल्ला घेता येईल.
- जगणं नकोसं वाटत असेल, तर थांबू नका. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.