बाळंतिणीचं डोकं दुखतं तेव्हा

मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीमुळे मध्य प्रदेशातल्या बिरसा तहसीलचं नाव दूरवर गेलं, पण मेंदूच्या डॉक्टरांसाठी तिथल्या माणसाला बैहरचा घाट उतरून बालाघाट गाठावं लागतं. तिथूनही बरेचदा गोंदिया, नाहीतर थेट नागपूर. या वाटेवर एक आजार हमखास निसटतो: मेंदूच्या शिरांत रक्ताची गाठ होणं. डॉक्टर त्याला सीव्हीटी म्हणतात.

लकवा म्हटलं की आपल्याला म्हातारा माणूस आणि बीपी आठवतं. सीव्हीटीत मात्र रक्त नेणारी धमनी नाही, रक्त परत आणणारी शीर बंद होते. मोरी तुंबली की पाणी मागे चढतं, तसा डोक्यात दाब वाढतो. दहापैकी जवळपास नऊ जणांचं डोकं दुखतं आणि ते बहुधा दिवसागणिक वाढत जातं. मग उलट्या, झटके, एका बाजूचं बळ जाणं. रोगी बहुधा तरुण, पुष्कळदा बाळंतीण.

बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त लवकर गोठतं. त्यात बाळंतिणीला पाणी मोजून द्यायची रीत अजून अनेक घरांत आहे. डोकं दुखलं तर ‘वारा लागला’ म्हणून फडकं बांधतात, आणि दोन दिवस तिथंच जातात. हा भाग सिकलसेलच्या पट्ट्यातला. त्या आजारातही गाठीचा धोका वाढतो. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तेच. सणासुदीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणण्याची सवय शहरातल्या शिकलेल्या घरांतही आहे, हे इथंच सांगितलेलं बरं.

निदानाची सुरुवात डोळ्यात बघण्यापासून होते. ऑप्थॅल्मोस्कोपमधून डोळ्याच्या पडद्यावरची नसेची चकती दिसते. एरवी तिची कड स्वच्छ असते, दाब वाढला की ती सुजून पुसट होते. साधा सीटी स्कॅन मात्र पुष्कळदा नॉर्मल येतो आणि रोगी घरी जातो. शिरेत औषध सोडून सीटी काढला तर डोक्याच्या मागच्या बाजूला कधीकधी एक त्रिकोण दिसतो, कडा उजळ आणि मध्य काळा. तो काळा मध्य म्हणजे गाठ. एमआर व्हेनोग्राफीत, म्हणजे शिरांच्या एमआरआय स्कॅनमध्ये, तर शीर मध्येच तुटल्यासारखी दिसते.

उपचार ऐकून नातेवाईक दचकतात. मेंदूत थोडा रक्तस्राव असला तरी रक्त पातळ करणारं हेपारिनच देतात. जर्मनीत 20 रोग्यांवर झालेली, 1991 साली प्रसिद्ध झालेली चाचणी लवकर थांबवावी लागली: हेपारिन मिळालेल्या 10 पैकी 8 पूर्ण बरे झाले, कोणी दगावलं नाही, न मिळालेल्या 10 पैकी 3 दगावले.

पुढं काय होणार, याचा अंदाज 21 देशांतल्या 624 रोग्यांच्या 2004 सालच्या अभ्यासातून येतो. सुमारे 79 टक्के जवळजवळ पूर्ववत झाले. वय 37 च्या वर, पुरुष, बेशुद्धी किंवा भ्रम, आल्याआल्याच रक्तस्राव, खोलवरच्या शिरांत गाठ, मेंदूतला जंतुसंसर्ग, कॅन्सर, या गोष्टी असल्या तर धोका जास्त. म्हणजे शुद्धीत पोचलेल्या तरुण बाळंतिणीची बाजू मुळात भक्कम असते. वाटेत दवडलेला वेळच ती कमजोर करतो.

तेव्हा बाळंतिणीचं डोकं दुखणं दोन दिवसांत थांबत नसेल, वाढतच असेल, उलटी किंवा झटका आला असेल, तर नुसती गोळी घेऊन परतू नका. बाळंतपण कधी झालं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरात सिकलसेल आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, आणि शिरांचा स्कॅन करायला हवा का, हे विचारा.