बराकीतील पहिले आठवडे आणि घरची ओढ

1 जानेवारी 2026 पासून जर्मनीत नवा सेवा कायदा लागू झाला आहे. 2008 मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या जर्मन नागरिकांना अठरा वर्षे पूर्ण होताच सैन्यदलाची, म्हणजे बुंडेसवेरची, प्रश्नावली येते. उत्तर देणे मुलग्यांना बंधनकारक, मुलींना ऐच्छिक. प्रत्यक्ष सेवा मात्र स्वेच्छेचीच आहे. जर्मन पारपत्र घेतलेल्या मराठी घरांतही त्यामुळे प्रश्न येऊन ठेपला आहे: आपल्या मुलाचा तिथे निभाव लागेल का?

प्राथमिक प्रशिक्षण साधारण तीन महिन्यांचे असते. त्यात शरीराआधी मन कच खाते. एकांत मिळत नाही, चूक सर्वांदेखत दाखवली जाते. शाळेत हुशार ठरलेल्या मुलाला कपाट नीट न लावल्याबद्दल बोल ऐकावे लागतात. घरची ओढ आणि ‘मला हे जमणार नाही’ ही शंका मग एकमेकींना पोसतात. विशेषतः रात्री, हातचे काम थांबल्यावर.

हे दुबळेपणाचे लक्षण नव्हे. पहिल्या सहा महिन्यांत सेवा सोडण्याची मुभा असते आणि सुमारे पाव जण तेवढ्यातच बाहेर पडतात. लष्करी धर्मोपदेशकाशी कोणत्याही धर्माचा, किंवा धर्म न मानणारा, सैनिक गोपनीयपणे बोलू शकतो. ‘पाद्री’ या शब्दाने आपल्याकडे संकोच वाटतो, तो सोडावा.

पालकांनी रोज रात्रीचे लांबलचक व्हिडिओ कॉल टाळलेले बरे. शनिवार-रविवारी मुलगा सहसा घरी येतो. राहायचे की सोडायचे, हा विषय तेव्हा, झोप पुरी झाल्यावर काढावा.